आठ बाय दहाच्या बेडरूमचं पण छापा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीतलं घरसजावटीचं पान मी अगदी नेमाने वाचते, आवडलेलं कात्रण कापून फाइलला पण लावते, पण बरेच दिवस एक गोष्ट मनात आहे ती आज लिहितेच. त्या पानावर बेडरूमचा जो फोटो असतो त्यात बेडच्या तिन्ही बाजूंनी माणूस आरामात फिरेल एवढी जागा असते, खिडकीशी आरामखुर्ची असते, आणि वर मथळा असतो की छोट्या खोलीसाठी टिप्स. आमच्या ठाण्यात घोडबंदर रोडला, वाघबीळ कासारवडवली पट्ट्यात, टू बीएचके म्हणून जे विकलं जातं त्यातली दुसरी बेडरूम कितीतरी बिल्डिंगमधे आठ बाय दहाचीच असते हो. कोपरखैरण्याला माझी नणंद राहते तिच्याकडे तर त्याहून लहान. या खोलीबद्दल कोणी लिहितच नाही आणि खरी अडचण तिथेच आहे, म्हणून आमच्या खोलीचं सगळं मापांसकट लिहून पाठवतेय.

आमची खोली आठ फूट बाय दहा फूट दोन इंच. त्यात दोघीजणी राहतात, माझ्या सासूबाई (मी त्यांना आई म्हणते) वय ७८ आणि माझी मुलगी, ती आता अकरावीला आहे. नियमाला धरूनच खोली आहे, मी शोधून वाचलं, नॅशनल बिल्डिंग कोडमधे असं आहे की घरात दोन खोल्या असतील तर एक साडेनऊ चौरस मीटरपेक्षा कमी नको आणि दुसरी साडेसातपेक्षा कमी नको, रुंदी किमान २.१ मीटर. साडेसात चौरस मीटर म्हणजे ८१ चौरस फुटाच्या जरासं आत, आमची भरते ८१ च्या थोडी वर. म्हणजे नियम पाळलेला आहे, पण त्या नियमात पलंग कुठे ठेवायचा, दार किती उघडेल, कपाटासमोर उभं राहायला जागा उरेल का हे काहीच येत नाही.

आम्ही बुकिंग केलं ते सॅम्पल फ्लॅट बघून. तिथे याच खोलीत डबल बेड होता, कपाट होतं, एक छोटं टेबल पण होतं आणि तरी खोली मोकळी वाटत होती. नंतर ताबा मिळाला, कळव्याच्या जुन्या घरातून आमचा सहा बाय साडेसहाचा बेड आणून लावला आणि खोली संपली! ३९ चौरस फूट नुसता बेडच खातो, म्हणजे जवळजवळ अर्धी खोली. एका बाजूला दोन फुटाची बोळ राहिली, स्विचबोर्ड बेडच्या मागे गेला. पहिल्याच महिन्यात आई रात्री बाथरूमला उठल्या, त्या बोळातून आडव्या सरकत येताना बेडचा कोपरा गुडघ्याला लागला, आठ दिवस पाय काळानिळा होता आणि त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, मला आंघोळीच्या वेळी दिसलं. त्या दिवशी मी ठरवलं की ही खोली मी पुन्हा पहिल्यापासून लावणार.

मागच्या वर्षी नणंदेबरोबर दुसऱ्या एका प्रोजेक्टचा सॅम्पल फ्लॅट बघायला गेले तेव्हा पर्समधे टेप घेऊनच गेले. तिथला बेड पाच फूट आठ इंच लांब निघाला. गादी साधी सहा फुटाची असते, बरेच जण सव्वासहा किंवा साडेसहाची घेतात, पाच फूट आठ इंचावर मोठा माणूस झोपेल कसा? कपाट चौदा इंच खोल, त्यात हँगर सरळ मावतच नाही कारण हँगरच सतरा अठरा इंचाचा असतो, नीट कपाटाला बाहेरून बावीस ते चोवीस इंच खोली लागते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एकाही खोलीला दार लावलेलं नव्हतं, नुसत्या चौकटी. दार नसलं की आतल्या बाजूला ते उघडायला लागणारी जागा दिसतच नाही आणि खोली मोठी वाटते. आमच्या वेळी पण असंच असणार, आम्ही टेप नेलाच नव्हता.

आता आम्ही काय केलं ते सांगते. फर्निचरच्या दुकानात आधी गेलो तर त्यांनी बंक बेड सुचवला, मुलगी वर आजी खाली, जागा अर्धी वाचते म्हणे. मी घरी येऊन वरचं माप काढलं. स्लॅब नऊ फुटावर, पंखा त्याच्याखाली, पाती आठ फुटाच्या आसपास फिरतात, वरच्या पलंगावर सोळा वर्षांची मुलगी उठून बसली आणि हात वर केला तर काय होईल? बंक बेडचा विचार तिथेच सोडला. ज्यांच्याकडे खोलीच्या मध्यभागी पंखा आहे त्यांनी कृपा करून हे माप आधी घ्या.

मग तुमचाच पेपर कामाला आला. रद्दीतले कागद काढले, चिकटपट्टीने जोडून बेडच्या मापाचा, कपाटाच्या मापाचा, टेबलाच्या मापाचा असे तुकडे केले आणि रिकाम्या लादीवर मांडले. दाराची पाती उघडते ती गोलाई पण खडूने काढली. आणि मग दोन दिवस आम्ही सगळे त्या कागदांच्या मधून चाललो, आईंना खास सांगितलं की तुम्ही रात्री उठल्यासारख्या चालून दाखवा. कागद तीनदा हलवले. पैसे शून्य. जे चित्रात बसत होतं ते चालताना बसत नव्हतं हे तेव्हा कळलं.

मिस्त्री आले त्यांनी आल्याआल्या भिंतीला गुण्या लावला आणि म्हणाले, ताई खोली गुण्यात नाहीये. म्हणजे कोपरे काटकोनात नव्हते, खिडकीकडे रुंदी आठ फूट आणि दाराकडे सव्वा इंच जास्त. म्हणून ते माप तीन ठिकाणी घेतात, खाली, कमरेला आणि वर, आणि जे सगळ्यात कमी येईल ते धरतात. रेडीमेड कपाट ऑनलाइन मागवणाऱ्यांचं इथेच चुकतं, एकाच ठिकाणी माप घेतलं जातं आणि मग कपाट अर्ध्या इंचाने अडकतं.

कपाट आम्ही दाराशेजारी पॅसेजच्या भिंतीला घेतलं. खिडकीची भिंत बाहेरची आहे, जुलैत तिला ओल येते, तिथे कपाट ठेवलं की मागून बुरशी आणि आतल्या साड्यांना वास. कपाटाची रुंदी पाच फूट, आतवर खोली दोन फूट. आईंचा पलंग खिडकीला टेकवल्यावर पलंग आणि कपाट यांच्यात तेवीस इंच राहतात, म्हणून दोन मोठी दारं न करता पंधरा पंधरा इंचाची चार दारं केली, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून पण ती पूर्ण उघडतात. स्लायडिंगचा सल्ला सगळे देतात, मी पण विचारलं, तर मिस्त्री म्हणाले त्याला ट्रॅकसाठी दोन तीन इंच जास्त खोली जाते आणि एका वेळी अर्धंच कपाट उघडतं, आईंना तर सगळं एकदम समोर दिसलं पाहिजे. खालचा प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा, घेतला आणि कपाट लादीपासून चार इंच वर, कारण लादी पुसताना पाणी तिथेच मुरतं. सात फुटापर्यंत कपाट आणि वर छतापर्यंत दोन फुटाचा माळा, त्यात वीस घनफूट जागा मिळाली, गणपतीचं मखर, हिवाळ्याच्या रजया, प्रवासाच्या बॅगा सगळं वर गेलं. लोकांची कपाटं सातव्या फुटाला संपतात आणि वर धूळ आणि खोकी, ती जागा आपण प्रत्येक चौरस फुटाचे पैसे मोजून घेतलेली असते हो.

आता पलंगाचं. आईंना तीन बाय सव्वासहाचा सिंगल, गादी धरून वीस इंच उंच, म्हणजे गुडघ्यावर जोर न देता उठता येतं. त्याच्या खाली मुलीचा दुसरा पलंग चाकांवर. बाजारात असा ओढून काढायचा बेड मिळतो पण तो चॅनलवर असतो, बाहेर आला तरी वरच्याला चिकटूनच राहतो, मग आजीने रात्री उतरायचं कुठे, नातीच्या अंगावरून? म्हणून आमचा पूर्ण सुटा केला. रात्री मुलगी तो बाहेर ओढते आणि समोरच्या भिंतीपर्यंत ढकलत नेते, चाकाला ब्रेक आहे तो पायाने दाबते. आठ फुटातून तीन फूट आजीचे, पावणेतीन फूट तिचे, मधे सव्वादोन फुटाची सरळ वाट दारापर्यंत. तिच्या मापाची गादी तयार मिळेना म्हणून गादीवाल्याकडून चार इंचाची कापसाची भरून घेतली. सकाळी पलंग परत आत गेला की पाच फूट रुंद लादी मोकळी, तिथे ती व्यायाम करते, मैत्रिणी आल्या की खाली बसतात.

भिंतीला दुमडणारं टेबल आहे अभ्यासाला, ते रात्री खाली पाडायचं. खुर्ची मात्र कुठेच बसेना. आईंची लग्नातली पत्र्याची ट्रंक होती, त्यात त्यांच्या नऊवारी आणि त्यांच्या आईने शिवलेली गोधडी, ती टाकायचा विषय निघाला तेव्हा त्या गप्प झाल्या, जेवल्या पण नाहीत नीट. मी ट्रंकेची उंची मोजली, पंधरा इंच. वर तीन इंचाची उशी शिवली की अठरा, म्हणजे बरोब्बर खुर्चीची उंची. आता मुलगी आजीच्या ट्रंकेवर बसून फिजिक्स करते आणि आजीला साडी हवी असली की उठून झाकण उघडून देते.

रंगाचं थोडक्यात सांगते, भिंत आणि छत एकाच फिक्या रंगात केलं, पडद्याचा रॉड छताजवळ लावला, एवढं पुरे. आरसा कपाटाच्या दाराला बाहेरून लावला की खोली दुप्पट दिसते असं सगळीकडे लिहिलेलं असतं पण आईंना रात्री उठल्यावर त्यात हलताना दिसलं की दचकायला होतं, म्हणून आतल्या बाजूला लावला. छतावरच्या ट्यूबपेक्षा टेबलावर एक दिवा आणि आईंच्या पलंगाजवळ लादीपासून फूटभर उंचीवर एक छोटा, या दोन दिव्यांनी जास्त फरक पडला.

आता तुम्हाला आणि बिल्डर मंडळींना विनंती. १ मे २०१७ पासून रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, लागू झाला, कार्पेट एरिया म्हणजे काय ते कायद्याने ठरलं हे फार चांगलं झालं, पण त्यात घराच्या आतल्या पार्टिशनच्या भिंतींची जागा पण धरलेली असते, म्हणून नुसत्या त्या आकड्यावरून बेडरूम कळत नाही. खोलीची लांबी रुंदी प्लास्टर झाल्यानंतरची लिहून द्यावी. प्लॅनवर जो बेड काढता त्याच्या शेजारी त्याचं माप लिहा. सॅम्पल फ्लॅटला दारं लावा. रेराच्या कलम १२ मधे सॅम्पल फ्लॅटच्या आधारे पैसे भरलेल्या माणसाचं खोट्या माहितीमुळे नुकसान झालं तर भरपाईची तरतूद आहे, पण आखूड बेड ठेवणं आणि दार न लावणं हे खोट्या माहितीत येतं का हे सामान्य माणसाने कोणाला विचारायचं? तुमच्या पुरवणीत एखाद्या वकिलांकडून यावर लिहून घेतलंत तर घर बघत फिरणाऱ्या शेकडो लोकांना उपयोग होईल.

आणि दर रविवारी एक खरं घर छापा. ठाण्यातलं, ऐरोलीतलं, घणसोलीतलं, ऐंशी नव्वद चौरस फुटाची बेडरूम, हाताने काढलेला नकाशा, प्रत्येक वस्तूचं माप, किती खर्च आला आणि काय चुकलं. वाचकांकडून मागवा, लोक आनंदाने पाठवतील. सुरुवात म्हणून आमच्या खोलीचा नकाशा या पत्रासोबत जोडलाय, मुलीने पट्टी घेऊन काढलाय, दाराची गोलाई लाल पेनाने दाखवलीय ती छापताना गाळू नका.

आपली,
एक नियमित वाचक,
घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)