न्यूझीलंडच्या द्राक्षाची गोष्ट मुळापासून सांगावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या शेती पुरवणीत न्यूझीलंडच्या द्राक्षशेतीवर आलेला लेख वाचला. दक्षिण बेटावरच्या मार्लबरो भागातल्या बागा, यंत्राने होणारी तोडणी, निर्यात हे सगळे त्यात नीट आले आहे. पण लेख सुरूच होतो १९७३ पासून, आणि कंपन्यांनी मोकळ्या माळावर द्राक्ष आणले, एवढेच चित्र वाचकाच्या मनात राहते. १९७३ साली मार्लबरोत मोठी लागवड करणारी माँटाना ही कंपनी मुळात इव्हान युकिच या क्रोएशियातल्या डाल्मेशियातून आलेल्या माणसाने ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरात लावलेली घरची बाग होती. मार्लबरोचा निर्णय झाला तो त्यांचा मुलगा फ्रँक याच्या काळात. बाबिच, नोबिलो, डेलेगाट, ब्राइकोविच, फिस्टोनिच ही तिथल्या द्राक्षातली नावेही क्रोएशियन घरांची आहेत. या घरांतल्या दुसऱ्या पिढीच्या शेतकऱ्याचे जगणे वगळले तर तिथल्या द्राक्षाबद्दल महत्त्वाचे काहीच कळत नाही, असे आमचे मत आहे. आणि त्या जगण्याचा धागा एका किडीत व एका खुंटात, म्हणजे कलमाच्या मुळाकडच्या भागात, आहे. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला तो चटकन कळेल.

डाल्मेशिया म्हणजे क्रोएशियाची समुद्रकाठची पट्टी. खडकाळ उतार, दगडी बांध घालून अडवलेली थोडी माती आणि त्यात द्राक्ष. तेव्हा हा मुलूख ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राज्यात होता. १८९१ च्या व्यापारी करारात सरकारने इटलीच्या वाइनवरची जकात उतरवली आणि डाल्मेशियन वाइनचा भाव बसला. त्याच दशकात फायलोक्झेरा तिथे पोचला. हा माव्याच्या जातकुळीतला, जेमतेम एक मिलिमीटरचा किडा मुळांतला रस शोषतो. मुळांवर गाठी येतात, त्या फुटून बुरशी आत शिरते, मूळ कुजते आणि काही हंगामांत वेल वाळतो. युरोपीय द्राक्षाच्या मुळाला याचा प्रतिकार नाही, अमेरिकन रानद्राक्षांच्या मुळाला आहे. म्हणून उपाय एकच, खाली अमेरिकन खुंट आणि वर हव्या त्या जातीचा डोळा. पण बाग उपटून पुन्हा कलमी लावायची तर हातात पैसा हवा, आणि तीन-चार वर्षे पिकाविना काढायची ताकद हवी. पोदगोरा, माकार्स्का, कोर्चुला या भागांतली तरुण मुले जहाजात बसली ती या गणितामुळे.

न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला त्यांना काम मिळाले ते काउरी डिंकाचे. काउरी वृक्षाचा जुना, जमिनीत गाडला गेलेला डिंक व्हार्निशसाठी विकला जाई. टोकदार लोखंडी सळई दलदलीत खुपसायची, टणक लागले की फावड्याने उकरायचे, रात्री दिव्याखाली चाकूने खरवडून साफ करायचे. १८९८ च्या कायद्याने डिंकाची राखीव क्षेत्रे ब्रिटिश प्रजेसाठी ठेवली गेली. डाल्मेशियन लोक कागदावर ऑस्ट्रियन होते, म्हणून ते बाहेर. पहिल्या महायुद्धात तर ते शत्रूदेशाचे नागरिक ठरले, ज्या राज्याला कंटाळून ते निघाले त्याच राज्याचे म्हणून. डिंकाच्या मजुरीतून वाचवलेल्या पैशांत अनेकांनी ऑकलंडच्या पश्चिमेला हेंडरसन, ओराटिया, कुमेऊ या भागांत थोडी थोडी जमीन घेतली. योसिप बाबिच चौदाव्या वर्षी, १९१० साली, आले. त्यांची पहिली वाइन १९१६ ची आणि हेंडरसन खोऱ्यातली जमीन १९१९ ची.

आता आपल्या लेखात नसलेले सर्वांत महत्त्वाचे नाव, रोमियो ब्रागाटो. हे स्वतः आजच्या क्रोएशियातल्या लोशिन्य बेटावरच्या माली लोशिन्य गावी जन्मलेले, इटलीत कोनेलियानोला द्राक्षविद्या शिकलेले. १८९५ साली न्यूझीलंडचा दौरा करताना त्यांनी ऑकलंड भागात फायलोक्झेरा ओळखला आणि बागा अमेरिकन खुंटावर घ्या असे सांगितले. १९०२ मध्ये ते सरकारी द्राक्षतज्ज्ञ झाले आणि 'ते कौव्हाटा' इथल्या संशोधन केंद्रातून खुंट वाटू लागले. १९०९ ला ते देश सोडून गेले आणि खात्याचा उत्साह ओसरला. ज्या किडीने डाल्मेशियन कुटुंबांना घरातून उठवले, तीच किड नव्या देशात आधीच येऊन बसली होती. उपाय माहीत असूनही खुंटांचा पुरवठा आटला.

मग शेतकऱ्याने काय लावले? ऑल्बनी सरप्राइज. लाब्रुस्का या अमेरिकन द्राक्षाच्या कुळातली जात, आपल्याकडच्या बंगलोर ब्लूच्या जवळची. कीड बऱ्यापैकी सोसणारी, ऑकलंडच्या दमट हवेत तग धरणारी, भरपूर लागणारी. पण रसात तो उग्र वास आणि गोडी कमी. मग रसात साखर घालायची, पुढे मद्यार्क मिसळून शेरी-पोर्टसारखी जड वाइन करायची. या वाइनची बाहेर 'डॅली'ची, म्हणजे डाल्मेशियनांची, दारू म्हणून हेटाळणी व्हायची. खरे कारण चव न कळणे हे नव्हते, खाली योग्य खुंट नव्हता हे होते. हे कुणीतरी स्पष्ट लिहायला हवे.

या घरांत जन्मलेल्या मुलाचे शेत निव्वळ द्राक्षाचे नव्हते. सफरचंद, पीच, भाजीपाला, एक-दोन गायी, कोंबड्या आणि उरलेल्या उतारावर वेली. भाजीचा पैसा आठवड्याला, फळांचा हंगामात, वाइनचा वर्ष-दोन वर्षांनी. या क्रमामुळेच घर चालले. घरात क्रोएशियन, शाळेत इंग्रजी, आणि सरकारी कागद भरायचा तर तो मुलानेच. १९३८ पासून आयातीवर बंधने आली, युद्धकाळात अमेरिकन सैनिक ऑकलंडमध्ये उतरले, आणि पहिल्यांदा वाइनला चांगला भाव मिळाला. १९२६ साली स्थापन झालेली द्राक्षबागायतदारांची संघटना प्रामुख्याने डाल्मेशियनांची होती. १९५० पासून जॉर्ज मझुरान यांनी तिच्यामार्फत विक्रीचे जाचक कायदे सैल करून घेण्यासाठी वर्षानुवर्षे राजकारण्यांचा पाठपुरावा केला. जॉर्ज फिस्टोनिच यांनी १९६१ मध्ये व्हिला मारिया ही वाइन कंपनी सुरू केली तीसुद्धा वडिलांकडून पाच एकर जमीन भाड्याने घेऊन. बापाची जमीन मुलाने भाड्याने घ्यावी हे आपल्याकडे चमत्कारिक वाटेल, पण हिशेब वेगळा राहिला की भावंडांत आणि बाप-लेकात वाद राहत नाहीत, हे त्यातले शहाणपण आहे.

कामाचे वर्ष आपल्यापेक्षा वेगळे आहे. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, कारण आपला वेल झोपत नाही. तिथे पाने गळून वेल झोपतो, म्हणून छाटणी एकदाच, जून ते ऑगस्टमध्ये. गेल्या हंगामातल्या दोन चांगल्या काड्या ठेवून बाकी सगळे काढायचे, प्रत्येक काडीवर साधारण आठ ते बारा डोळे, आणि काडी तारेवर वाकवून बांधायची. थंड कोरड्या दिवशी ती तडकते, म्हणून हवेत ओल असताना बांधणी करतात. डिसेंबरात मणी धरल्यावर घडाभोवतीची पाने हाताने काढायची, नाहीतर पावसात करडी बुरशी घडाच्या पोटातून सुरू होते. मणी रंग धरू लागले की पक्ष्यांसाठी जाळी, मार्चच्या आसपास तोडणी.

केवडा रोगासाठी फवारा मोरचूद आणि चुन्याचाच, आपले बोर्डो मिश्रण. एक टक्क्याला एक किलो मोरचूद, एक किलो चांगला कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगळे विरघळवून मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ओतायचे, उलट नाही. उलट केले की साका जाड बसतो आणि नोझल तुंबते. लोखंडी भांडे चालत नाही. घासलेला खिळा बुडवून त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, पान जळेल. केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवायचे. हे हेंडरसनमध्ये खरे, तसेच पिंपळगाव बसवंतमध्येही.

आणि कलम. आपल्याकडे खुंटरोप शेतात लावून सप्टेंबर-ऑक्टोबरात जागेवर पाचर कलम भरतात. तिथे कलम टेबलावर होते. हिवाळ्यात खुंटाच्या सुमारे तीस सेंटिमीटरच्या काड्या घेऊन त्यांचे सगळे डोळे कोरून काढतात. एक डोळा राहिला तरी पुढे खालून खुंटाचा फुटवा येतो आणि वरची जात मागे पडते. रोग काढायला काड्या पन्नास अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा तास ठेवतात. इथे दोन अंश इकडे-तिकडे झाले की डोळा मरतो किंवा रोग राहतो. खुंट आणि वरची एक डोळ्याची काडी सारख्याच जाडीची हवी, म्हणजे दोघांची साल किमान एका बाजूला चिकटते. जोडून मेणात बुडवायचे, ओल्या भुशाच्या पेटीत सुमारे अठ्ठावीस अंशांवर तीन आठवडे ठेवायचे. तिथे जोडावर पांढरा मऊ उती-थर धरतो. उष्णता जास्त झाली तर तो थर भरभर पण ठिसूळ येतो आणि लावताना बोटाने मोडतो. भुसा सुकला तर येतच नाही. मग वसंतात वाफ्यावर, आणि पुढच्या हिवाळ्यात उपटून, तपासून शेतात. अंगठ्याने जोड दाबून पाहायचा. हलला तर ते रोप टाकून द्यायचे, स्वस्तात मिळाले म्हणून लावायचे नाही.

लावताना जोड मातीच्या वर दहा-पंधरा सेंटिमीटर हवा. तो मातीखाली गेला की वरच्या जातीलाच मुळे फुटतात. दोन वर्षे वेल जोरात दिसतो, खुंटाची मुळे मागे पडतात आणि कीड थेट युरोपीय मुळावर बसते. कलमाचा सगळा खर्च पाण्यात. मार्लबरोतही सुरुवातीची बरीच लागवड विनाकलम होती. ऐंशीच्या दशकात तिथे फायलोक्झेरा सापडला आणि त्या बागा पुन्हा खुंटावर घ्याव्या लागल्या. ब्रागाटो यांनी जे सुमारे नव्वद वर्षे आधी सांगितले होते तेच.

आपल्याकडे खुंट आला तो क्षार आणि पाणीटंचाईमुळे. डॉगरिज या खुंटाने तिथे मोठे काम केले. पण तो खुंट जोरकस आहे, भारी जमिनीत पाणी-खत सढळ मिळाले की पाला वाढतो आणि घड कमी निघतात, म्हणून काही जण ११० आर सारख्या खुंटांकडे वळले. पश्चिम ऑकलंडच्या चिकणमातीत नेमका हाच प्रश्न आहे. पाऊस भरपूर, माती ओल धरणारी, त्यात जोरकस खुंट म्हणजे दाट पाला आणि कुजलेले घड. म्हणून तिथे कमी जोराचे खुंट निवडतात, ओळींत गवत वाढू देतात म्हणजे जास्तीचे पाणी ते पिते, निचऱ्याचे चर काढतात. कुमेऊ रिव्हर या वाइनरीच्या ब्राइकोविच कुटुंबाने वेलाचा पाला दोन पंखांत उघडणारी, इंग्रजी यू अक्षरासारखी मांडणी वापरली. आपली वाय आकाराची मांडव पद्धत आठवावी. याच घरातले मायकेल ब्राइकोविच १९८९ मध्ये 'मास्टर ऑफ वाइन' ही वाइनतज्ज्ञांची पदवी मिळवणारे पहिले न्यूझीलंडर.

१९८६ साली माल अतोनात झाला, तेव्हा सरकारने वेली उपटायला हेक्टरी ६,१७५ डॉलर दिले आणि देशातल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या बागा गेल्या. अनेकांनी या संधीत जुन्या जाती काढून टाकल्या. हेंडरसनच्या बऱ्याच बागांवर आता घरे आहेत. लेखात या वर्षाचा उल्लेखही नाही.

महाराष्ट्रातले बागायतदार तिकडे अभ्यासदौऱ्यावर जातात. त्यांनी मार्लबरोला जाण्याआधी एक दिवस कुमेऊ-हेंडरसनला द्यावा आणि खुंट कोणता, का निवडला, किती वर्षांनी बदलला, एवढे तीन प्रश्न विचारावेत. आपल्या रोपवाटिकांनीही प्रत्येक जुडीवर वरची जात, खुंटाचे नाव आणि काडी कोणत्या मातृबागेतून आणली हे लिहून द्यावे. आज 'कलमी रोप' एवढ्याच नावाखाली विकले जाते ते थांबावे. पुरवणीने खुंटांवर स्वतंत्र पान द्यावे, अशी विनंती.

आपले,
ऑकलंडच्या पश्चिमेकडील द्राक्षबागांत काम करणारे काही मराठी वाचक