संच नवे, वायर जुनी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पश्चिम किनाऱ्यावरील पावसाळी मासेमारी बंदीचे ६१ दिवस सरत आले की बंदरांत नौका रंगवणे, इंजिन खोलणे, जाळी दुरुस्त करणे यांची एकच घाई उडते. या सगळ्यात जीपीएस, फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारा संच), व्हीएचएफ वायरलेस (नौकांनी आपसात आणि किनाऱ्याशी बोलायचा संच) यांची जोडणी मात्र शेवटच्या दोन दिवसांवर ढकलली जाते आणि घरातली वीज दुरुस्त करणाऱ्या वायरमनकडून कशीबशी उरकली जाते. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे देशव्यापी ट्रान्सपाँडर योजनेचा प्रारंभ झाला. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेश मिळून एक लाख मच्छीमार नौकांवर उपग्रहामार्फत दुतर्फा संदेश देणारे संच टप्प्याटप्प्याने बसवायचे आहेत. योजना गरजेची आहे. संचाबरोबर जोडणीचे शिक्षणही जेट्टीवर पोहोचावे, एवढ्यासाठी हे पत्र.

‘वायरलेसवर ऐकू येते, पण आपले बोलणे कोणाला पोहोचत नाही’ ही नेहमीची तक्रार. तांडेल (नौकेचा प्रमुख) संच बदलून आणतो आणि तक्रार तशीच राहते, कारण दोष बहुधा वायरमध्ये असतो. २५ वॅटचा व्हीएचएफ नुसता ऐकत असताना फारच थोडा करंट घेतो, पण बोलण्याचे बटण दाबताच त्याला पाच-सहा अँपिअर लागतात. बॅटरी इंजिनाजवळ, संच केबिनमध्ये, मधले अंतर पाच मीटर. जाणारी आणि येणारी धरून वायर झाली दहा मीटर. ती घरगुती १ चौरस मिलिमीटरची असेल तर सहा अँपिअरला सुमारे १.१ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. बॅटरीवर १२.५ आणि संचाच्या मागे ११.४, अशी स्थिती होते. बऱ्याच संचांना किमान ११.७ व्होल्ट लागतात. त्याखाली काही संच कमी ताकदीने बोलतात, काही बटण दाबताच बंद पडतात. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर घट ०.३ व्होल्टच्या आत राहते.

म्हणून बॅटरीवर मल्टिमीटर लावून ‘बारा दाखवतोय’ म्हणण्याला अर्थ नाही. मल्टिमीटर संचाच्या मागच्या टोकांवर लावावा, दुसऱ्याने चॅनेल १६ (संकटाचे आणि हाक देण्याचे) सोडून एखाद्या मोकळ्या चॅनेलवर दोन-तीन सेकंद बटण दाबावे आणि तेवढ्यात आकडा वाचावा. बॅटरीवरचा आणि इथला आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त वेगळा आला, तर वायर, फ्यूजची बैठक किंवा एखादा जोड खराब आहे. टोकापासून मागे मागे मोजत गेले की नेमकी जागा सापडते.

बहुतेक वेळा तो जोड पीळ देऊन काळी टेप गुंडाळलेला असतो. खारे पाणी टेपखाली शिरते आणि तांब्याच्या तारांमधून आत चढत जाते. वरून वायर धडधाकट दिसते, सोलली की आत काळी-हिरवी भुकटी. नौकेवर कल्हई केलेल्या बारीक तारांची लवचिक वायरच वापरावी. तिला लग (जोडणीचे धातूचे टोक) योग्य पक्कडीने दाबून बसवावा आणि आतून गोंद असलेली, तापली की आवळणारी हीट श्रिंक नळी चढवावी. नुसती सोल्डरिंग इथे टिकत नाही, कारण सोल्डर जिथे संपते तिथे वायर कडक होते आणि इंजिनाच्या थरथराटाने नेमकी तिथेच तुटते. संचात शिरण्याआधी वायरला खाली एक झोल द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी झोलाच्या तळाशी गळून पडते, संचात जात नाही.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत हवा. तो संचासाठी नसून वायरसाठी असतो. संचाजवळच बसवला आणि मधल्या वायरचे कातडे घासून गेले, तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते. फ्यूज उडाला म्हणून चांदीचा कागद गुंडाळणे किंवा तारेचा तुकडा घालणे म्हणजे समुद्रात आगीला बोलावणे होय.

मोठ्या इनबोर्ड (इंजिन आत बसवलेल्या) नौकांवरची एक चूक आम्हाला सर्वांत जास्त खटकते. इंजिन २४ व्होल्टचे, बॅटऱ्या १२-१२ च्या दोन ओळीने जोडलेल्या, आणि जीपीएस १२ चा. मग दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर ओढली जाते. संच चालतो, म्हणून सगळे निर्धास्त असतात. ती एक बॅटरी मात्र रोज जास्त खाली येते, तर चार्जिंग दोघींना मिळून होते. परिणामी वापरातली कधीच पूर्ण भरत नाही आणि दुसरी अतिचार्ज होऊन तिचे पाणी आटते. काही महिन्यांत दोन्ही जातात आणि दोष बॅटरीच्या कंपनीला दिला जातो. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावावा, त्याची क्षमता सर्व संचांच्या एकत्रित करंटपेक्षा दीडपट तरी असावी. लहान नौकेवर इंजिन सुरू करताना जीपीएस बंद होऊन पुन्हा चालू होत असेल, तर स्टार्टरमुळे व्होल्टेज क्षणभर दहाच्या खाली जाते आहे. संचांसाठी वेगळी बॅटरी हाच त्यावरचा खरा इलाज.

आता अँटेना. व्हीएचएफ साधारण नजरेच्या टप्प्यात चालतो, त्यामुळे वॅटपेक्षा उंचीला महत्त्व आहे. दोन्ही अँटेनांच्या मीटरमधल्या उंचीची वर्गमुळे काढून बेरीज करावी आणि २.२ ने गुणावे, म्हणजे अंदाजे सागरी मैल मिळतात. चार मीटर उंच अँटेनांच्या दोन नौका जेमतेम नऊ मैलांवर बोलतील. तीच नौका शंभर मीटर उंचीवरच्या किनारा केंद्राशी सव्वीस मैलांपर्यंत बोलू शकेल. अँटेनाची केबल बारीक आरजी-५८ असेल तर दहा मीटरमध्ये एक तृतीयांशाहून अधिक ताकद उष्णतेत जाते, जाड आरजी-२१३ मध्ये एक पंचमांशाच्या आसपास. उरलेली केबल घट्ट वेटोळे करून ठेवण्याऐवजी कापून योग्य लांबीची करावी. कनेक्टरवर स्वतःत मिसळून जाणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी. अँटेना न जोडता बोलण्याचे बटण कधीही दाबू नये. ट्रान्सपाँडर आणि जीपीएसच्या घुमटांना मोकळे आकाश दिसले पाहिजे. पत्र्याच्या छपराखाली ते बसवले, तर पैसे वाया गेले समजावे.

रात्री दिवे लावल्यावर वायरलेसचा पल्ला घटतो, ही तक्रार खरी आहे. स्वस्त एलईडी दिव्यांतली आणि मोबाइल चार्जरमधली सर्किटे याच पट्ट्यात खरखर सोडतात. सर्व दिवे बंद करून स्क्वेल्चचे (खरखर दाबण्याचे) बटण खरखर नुकती थांबेल इतके फिरवावे आणि मग एकेक दिवा लावावा. ज्या दिव्याने खरखर परत आली, तो बदलावा.

डीएससी (बटणासरशी संकटाचा संदेश आपोआप पाठवण्याची सोय) असलेल्या व्हीएचएफचे लाल बटण दाबले की संकटाचा संदेश चॅनेल ७० वर जातो. पण संचात स्वतःचा जीपीएस नसेल आणि बाहेरचाही जोडलेला नसेल, तर त्यात ठिकाण जातच नाही. यासाठी लागतात फक्त दोन बारीक वायर: जीपीएसच्या आउटपुटचे धन-ऋण व्हीएचएफच्या इनपुटच्या धन-ऋणाला. रंगांवर विसंबू नये, प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, पुस्तिका पाहावी. दोन्हीकडे माहिती पाठवण्याचा वेग ४८०० (बॉड) ठेवावा. व्हीएचएफच्या पडद्यावर अक्षांश-रेखांश उमटले की जोडणी झाली. संचात नौकेची ओळख सांगणारा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक भरलेला हवा. भारतीय क्रमांक ४१९ ने सुरू होतो. जुना संच विकत घेतला असेल तर आधीच्या नौकेचा क्रमांक आत तसाच राहतो आणि शोध भलत्याच नौकेचा सुरू होतो. तो विक्रेत्याकडून बदलून घेतल्याशिवाय संच नौकेवर चढवू नये.

आकडे भरण्यातली एक चूकही नोंदवतो. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेच्या मासेमारी क्षेत्राच्या सूचनांत अंश, मिनिटे, सेकंद असतात. बहुतेक जीपीएस अंश, मिनिटे आणि मिनिटांचे दशांश दाखवतात. ३० मिनिटे ५० सेकंद हे ३०.५० म्हणून भरले तर सहाशे मीटरहून जास्त फरक पडतो. खडकांच्या जागा अशा भरल्या असतील तर तो फरक जीवघेणा आहे. सेकंदांना साठने भागून दशांश काढावेत, इथे बरोबर आकडा ३०.८३३.

फिश फाइंडरबद्दल एवढेच की ट्रान्सड्यूसर (पाण्यात ध्वनिलहरी सोडणारा भाग) नौकेच्या पंख्यापासून आणि बुडबुड्यांपासून दूर, पाण्याच्या सलग प्रवाहात हवा. त्याची केबल कापून जोडू नये. लहरींची वारंवारता उथळात २०० किलोहर्ट्झ, खोल पाण्यात ५० ठेवावी.

मत्स्यव्यवसाय विभागाला आमची मागणी सरळ आहे. बंदीच्या काळात प्रत्येक मोठ्या बंदरावर तीन दिवसांचा जोडणीवर्ग घ्यावा, तोही फळ्यावर नव्हे, ओढून ठेवलेल्या नौकेवर. तांडेलाबरोबर एक तरुण खलाशी आणि गावातला वायरमन यांनाही बसवावे. मच्छीमार सहकारी संस्थांनी एक मल्टिमीटर, लग दाबायची चांगली पक्कड आणि अँटेना तपासण्याचा एसडब्ल्यूआर मीटर सामायिक ठेवावा. अनुदानाच्या यादीत संचासोबत वायर, फ्यूज आणि केबलचाही स्वतंत्र उल्लेख असावा. आणि संच बसवल्याची सही घेण्याआधी, बटण दाबलेले असताना संचाच्या मागे किती व्होल्ट आले, तो आकडा अर्जावर लिहिण्याची सक्ती करावी.

आपले,
नौकांच्या विद्युत जोडणीचे काम करणारे तंत्रज्ञ,
हर्णै बंदर, ता. दापोली, जि. रत्नागिरी