उगाच थांबलेली गाडी

पुणे

प्रिय अनिल,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. वहिनींना घेऊन पुढच्या महिन्यात मुंबईहून इकडे येतोयस हे फार चांगलं. पण ‘टॅक्सीच करतो, ट्रेन कर्जतला उगाच रखडवतात’ या तुझ्या वाक्यावर मी अडलो. बोरघाटात उगाच असा थांबा नसतोच. हे एकदा नीट सांगतो, मग टॅक्सी करायची की नाही ते तू ठरव.

कर्जत ते लोणावळा अंतर 28 किलोमीटर, आणि तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटरांच्या आसपास वर चढते. सगळ्यात खडा चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. मोटारीला हा चढ जाणवतसुद्धा नाही. पण इथे पोलादी चाक पोलादी रुळावर चालतं, आणि दोघांची पकड मुळातच कमी. कमी पकड म्हणजे कमी घर्षण, म्हणूनच तर सपाटीवर रेल्वे इतक्या स्वस्तात एवढा माल ओढते. जो गुण सपाटीवर कामाला येतो तोच घाटात अंगाशी येतो. गाडी 800 टनांची धर. 37 ला 1 च्या चढावर नुसत्या वजनानंच साडेएकवीस टनांची ओढ तिला मागे खेचत असते. त्यात पाऊस, ओले रूळ. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की रुळावर वाळू सोडावी लागते. इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात त्या याचसाठी.

म्हणून कर्जतला मागून बँकर लावतात. दोन इंजिनं, गाडी जड असली तर तीन. ती ढकलतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्यांचं दुसरं काम लोकांच्या ध्यानात येत नाही: चढावर दोन डब्यांना जोडणारं कपलिंग तुटलं, तर सुटलेले डबे मागे घसरू नयेत म्हणून खाली आधार हवा. तो आधार म्हणजे बँकर. एकट्या पुढच्या इंजिनानं ओढलं तर सगळा ताण पहिल्या डब्याच्या कपलिंगवर येतो. मागून ढकललं की तो वाटला जातो.

आता कर्जतच्या त्या ‘रखडण्यात’ काय होतं ते बघ. बँकर हळूच येऊन टेकतो, बारीकसा धक्का बसतो. मग कपलिंग अडकवतात, ब्रेकचा पाइप जोडतात. या पाइपमधली हवा पाच किलोच्या दाबानं भरलेली असते, आणि इथेच रेल्वेची खरी अक्कल आहे. आपल्याला वाटतं पाइपात हवा भरली की ब्रेक लागत असणार, दाबानं. प्रत्यक्षात उलटं. पाइपमध्ये हवा आहे तोवर ब्रेक सुटलेले. दाब उतरला, की प्रत्येक डब्याखालच्या टाकीतली राखीव हवा सिलिंडरमध्ये जाते आणि ब्रेक आवळले जातात. पाइप फुटला, गाडी तुटली, कुणी साखळी ओढली, काहीही झालं तरी परिणाम एकच: गाडी थांबते.

मग बिघडतं कुठे? दोन डब्यांमधल्या पाइपवर अँगल कॉक, म्हणजे हवा अडवणारी तोटी, असते. ती चुकून बंद राहिली, तर पुढच्या इंजिनातल्या ड्रायव्हरला दाबाचा काटा व्यवस्थित पाच दाखवतो, पण त्या कॉकच्या मागचे डबे त्याच्या हुकमाबाहेर असतात. हा बिघाड दिसत नाही. म्हणून जोडणीनंतर मागच्या टोकाला दाब उतरवून पाहतात आणि पुढे इंजिनातला काटा पडला की नाही ते बघतात. काटा पडला, तर पाइप टोकापासून टोकापर्यंत एक आहे. ती दोन-तीन मिनिटं यात जातात, रे. चहावाल्यासाठी गाडी थांबलेली नसते (चहा मिळतो ही गोष्ट वेगळी).

बँकरवाल्याला पुढचे सिग्नल दिसत नाहीत. पुढची शिटी आणि वॉकीटॉकी यांच्या भरवशावर तो जोर लावतो किंवा सोडतो. ब्रेकचा ताबा मात्र पुढच्याच हातात. दोघांनी आपापल्या मर्जीनं ब्रेक लावायचे ठरवले, तर मधले डबे चिरडले जातील. संसारात हे कितपत लागू पडतं ते वहिनींना विचार.

गंमत म्हणजे मुंबईहून निघून घाट चढणारी तुझी गाडी रेल्वेच्या भाषेत ‘डाऊन’, आणि पुण्याहून घाट उतरणारी ‘अप’. मुंबईपासून दूर जाणारी ती डाऊन, चढ-उताराशी त्याचा संबंध नाही.

खरी परीक्षा उतरताना. परतीला पुण्याहून निघाल्यावर मंकी हिल, ठाकूरवाडी अशा निर्मनुष्य ठिकाणी गाडी थांबेल. डब्यात कुणीतरी ‘आता इथे काय?’ म्हणेलच. तिथे कॅच साइडिंग आहे: मुख्य मार्गापासून फुटून डोंगरावर चढत जाणारा, वाळूत संपणारा रूळ. गाडीचा मार्ग बदलणारा सांधा एरवी या चढणाऱ्या रुळाकडेच लावलेला असतो. गाडी आधी थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत हे तिनं सिद्ध केलं, की मगच सांधा फिरतो आणि कर्जतचा रस्ता उघडतो. जी गाडी थांबू शकली नाही ती आपोआप वाळूत जाते. इथे विश्वास आधी देत नाहीत, प्रत्येक टप्प्यावर नव्यानं मिळवावा लागतो. मला हे कठोर वाटत नाही. माणसाच्या हातून चूक होणार हे गृहीत धरून कुणीतरी आधीच वाळू टाकून ठेवली आहे.

उतरताना जळका वास आला तर घाबरू नका. जुन्या पद्धतीच्या डब्यांत ब्रेकचे ठोकळे चाकावर घासून तापतात, त्याचा तो वास. नवी इंजिनं उतारावर आपल्या विजेच्या मोटारींचंच जनित्र करतात आणि वीज वरच्या तारेत परत सोडतात. त्याच वेळी जवळपास एखादी गाडी चढत असेल, तर ती तीच वीज वापरते.

हा घाट 1856 ते 1863 या काळात बांधला गेला. 25 बोगदे, आणि खंडाळ्याजवळ उलटं फिरण्याचं स्टेशन, जिथे गाडीची दिशाच बदलायची. विजेची इंजिनं आली तेव्हा ते वगळून नवा मार्ग काढला. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला आणि काम त्याच्या बायकोनं, अ‍ॅलिसनं, पुढे नेलं. तिचं नाव उरलं. जे हजारो मजूर मेले त्यांची नावं कुठल्या खांबावर नाहीत, आणि प्रत्येक बोगद्यात मला त्याचीच चीड येते. आजही पावसाळ्याआधी टोळ्या कड्यांवर चढून सुटे दगड पाडतात. खिडकीतून त्या दोरावरच्या माणसांकडे जरूर बघा.

आता कामाचं. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. डेक्कन क्वीन मुंबईहून संध्याकाळी निघते, थंडीत घाटात अंधार होतो. तेव्हा सकाळी सातच्या सुमाराची डेक्कन एक्सप्रेस घे, आणि एसी नको, सेकंड सीटिंगची उघडी खिडकी. बोगद्यातला गार वारा काचेआडून लागत नाही. वंदे भारतला बँकर लागत नाही, तिच्या निम्म्या डब्यांखालीच मोटारी असतात. झटपट आहे, पण तुझ्या शंकेचं उत्तर तिच्यात मिळणार नाही. आणि घाटात साखळीला उगाच हात लावू नकोस. हजार रुपयांपर्यंत दंड किंवा वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि तेवढ्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवायची ती गोष्टच वेगळी.

कर्जतला बटाटेवडा घ्यायला उतरशीलच. शेवटच्या डब्यात जागा मिळाली तर सोनं. वडा हातात, कान मागे. धक्का बसला की लगेच चढू नकोस, अजून पाइप जोडायचा असतो. पण पैसे सुटे ठेव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत