‘झॉम 100’ या ॲनिमे मालिकेचे चित्र मोबाइल ॲपवर कापून दाखवले जात असल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मूळ चित्रचौकट न जपता मालिका दाखवणे, श्रेयनामावली तोडणे आणि आधीच्या तक्रारीस मिळालेले असमाधानकारक उत्तर

महोदय / महोदया,
स. न. वि. वि.

मी आपल्या स्ट्रीमिंग सेवेचा वार्षिक वर्गणीदार आहे. ‘झॉम 100 : बकेट लिस्ट ऑफ द डेड’ ही बारा भागांची जपानी ॲनिमे (ॲनिमेशन) मालिका आपल्या संग्रहात नुकतीच दाखल झाली, आणि झॉम्बींच्या कथा आवडीने पाहणारा प्रेक्षक म्हणून मी तिचा पहिला भाग त्याच संध्याकाळी आपल्या मोबाइल ॲपवर पाहिला. भाग बरा वाटला, पण त्याची एवढी वाहवा का झाली असावी, हे कळले नाही. पुढे तोच भाग एका मित्राच्या घरी टीव्हीवर पाहण्यात आला तेव्हा त्याचे कारण उमगले. दिग्दर्शकाने जी गोष्ट चित्राच्या चौकटीतून सांगितली आहे, ती आपल्या ॲपने मोबाइलवर माझ्यापर्यंत पोहोचूच दिली नव्हती.

तक्रारीचे गांभीर्य लक्षात यावे म्हणून या पहिल्या भागाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. हारो आसो यांचे लेखन आणि कोतारो ताकाता यांची चित्रे असलेल्या मांगावरून (जपानी चित्रकथेवरून) काझुकी कावागोए यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका बग फिल्म्स या तरुण स्टुडिओने तयार केली आणि जुलै 2023 पासून ती जपानमध्ये प्रसारित झाली. नायक आकिरा तेंदो हा महाविद्यालयात मैदान गाजवलेला, उमदा मुलगा. तो मोठ्या हौसेने एका निर्मिती कंपनीत रुजू होतो आणि पहिल्याच दिवशी, स्वागताची पार्टी आटोपल्यावर, सगळे जण घरी न जाता पुन्हा कामाला बसतात हे पाहून चकित होतो. कर्मचाऱ्यांना असे पिळून काढणाऱ्या आस्थापनांना जपानमध्ये ‘ब्लॅक कंपनी’ म्हणतात. अतिकामाने होणारे मृत्यू हा त्या देशात इतका गंभीर प्रश्न आहे की ते रोखण्यासाठी 2014 मध्ये तेथे स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा कंपनीत तीन वर्षे काढल्यावर आकिरा जिवंत असूनही आतून संपलेला आहे, आणि हे सारे दिग्दर्शक फिकट, करड्या रंगांत आणि वर-खाली काळ्या पट्ट्या असलेल्या अरुंद चौकटीत दाखवतो.

मग एका सकाळी शहरभर झॉम्बी पसरतात. जीव मुठीत धरून पळतानाही आकिराच्या डोक्यात ऑफिसला उशीर होईल हीच धास्ती असते. पळता पळता त्याच्या लक्षात येते की आता कामावर जायचेच नाही, आणि त्या क्षणी चित्रात रंग उसळतात, काळ्या पट्ट्या दूर सरतात आणि चौकट पूर्ण पडदाभर उघडते. रक्तसुद्धा रंगीबेरंगी होऊन उडते. जगबुडीनंतरच्या कथा पाहणाऱ्यांना हे चटकन जाणवेल, कारण अशा कथांत सहसा संकटाआधीचे जग प्रसन्न आणि नंतरचे विटलेले असते. येथे तो क्रम जाणीवपूर्वक उलटवला आहे आणि त्यासाठी एकाही संवादावर विसंबलेले नाही. झॉम्बी होण्याआधी करायच्या शंभर गोष्टींची यादी, जिच्यावरून मालिकेला नाव मिळाले, ती पटते तीही या क्षणामुळे. हा माणूस जगाचा अंत झाल्यावर जगू लागला आहे, हे आपण डोळ्यांनी पाहिलेले असते. मालिकेत मला सगळेच आवडले असे नाही. स्त्री पात्रांकडे पाहण्याची कॅमेऱ्याची नजर काही ठिकाणी उथळ वाटली. पण हा एक प्रसंग मी अलीकडे पाहिलेल्या ॲनिमेमध्ये फार वरच्या दर्जाचा आहे, आणि पहिल्यांदा पाहताना नेमका तोच मला मिळाला नाही.

याचे कारण आपल्या ॲपच्या रचनेत आहे. मालिकेचे चित्र 16:9 या प्रमाणाचे आहे, तर हल्लीच्या बहुतेक मोबाइलप्रमाणे माझ्याही मोबाइलचा पडदा 20:9 च्या आसपास, म्हणजे अधिक लांबट आहे. अशा पडद्यावर संपूर्ण चित्र दाखवायचे तर डाव्या-उजव्या बाजूला थोडी जागा रिकामी राहते. ती राहू नये म्हणून आपले ॲप चित्र आपोआप मोठे करून पडदा भरते आणि वरचा-खालचा भाग कापून टाकते. हिशेब केला तर चित्राच्या उंचीचा पाचवा हिस्सा अशा रीतीने नाहीसा होतो. पूर्वार्धातील काळ्या पट्ट्या याच कापाकापीत जवळजवळ पूर्णपणे निघून जातात, त्यामुळे चौकट अरुंद आहे हे कळतच नाही. जी अरुंद दिसलीच नाही, ती उघडलेली तरी कशी दिसणार? उलट, जेथे चित्र पडदाभर मोकळे व्हायला हवे तेथेच माणसांची डोकी, इमारतींचे माथे आणि चौकटीच्या कडेचा मजकूर छाटला जातो. दिग्दर्शकाला जेथे अधिक दाखवायचे आहे, तेथे आपले ॲप कमी दाखवते.

हे ‘पडदा भरा’ वैशिष्ट्य प्रेक्षकाने निवडायचे असते तर माझी काहीच हरकत नव्हती. परंतु आपल्या ॲपच्या अलीकडील आवृत्तीत ते मुळातच चालू असते आणि ते बंद करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये कोठेही नाही. दोन बोटांनी चित्र लहान करण्याची पूर्वीची सोयही काढून टाकण्यात आली आहे. वर्गणी घेताना मला ‘उच्च दर्जाच्या चित्रा’चे आश्वासन देण्यात आले होते. चित्राचा दर्जा केवळ त्याच्या सुस्पष्टतेवर ठरत नाही, ते पूर्ण असणे ही त्याची पहिली अट आहे.

दुसरी बाब थोडक्यात नोंदवतो. भाग संपताच, अखेरचे गीत आणि श्रेयनामावली सुरू झाल्याबरोबर, चित्र कोपऱ्यात ढकलले जाते आणि काही क्षणांत पुढचा भाग सुरू होतो. अतिकामाने पिचलेल्या माणसाची गोष्ट जे कलाकार रात्रंदिवस खपून चित्रित करतात, त्यांची नावे वाचण्याइतका वेळही प्रेक्षकाला मिळू नये, हे मला क्लेशदायक वाटले. या मालिकेचे वेळापत्रक मूळ प्रसारणाच्या वेळी कोलमडले होते आणि शेवटचे तीन भाग डिसेंबर 2023 च्या अखेरीस प्रसारित झाले. आपल्या प्रेक्षकांना मात्र बाराही भाग एकत्र उपलब्ध झाले आहेत. ते नीट दाखवले जावेत एवढीच अपेक्षा आहे.

याविषयी मी आपल्या मदत कक्षाकडे लेखी तक्रार केली होती. तिला आलेल्या उत्तरात ॲप काढून पुन्हा स्थापित करावे, साठलेली तात्पुरती माहिती पुसावी आणि इंटरनेटचा वेग तपासावा, असे सुचवले होते. यातील एकाही उपायाचा माझ्या तक्रारीशी संबंध नाही. मी सोबत मोबाइल आणि टीव्ही या दोन्हींवरील एकाच दृश्याची छायाचित्रे जोडली होती. ती कोणी उघडून पाहिली असती तर असे उत्तर आले नसते. त्यानंतर ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा संदेश पाठवून ती परस्पर बंद करण्यात आली, आणि त्यामुळेच हे पत्र थेट आपल्याकडे पाठवावे लागत आहे.

माझी मागणी अशी आहे की चित्र मूळ प्रमाणातच सुरू व्हावे, पडदा भरण्याचा पर्याय प्रेक्षकाच्या इच्छेवर सोडावा आणि पुढचा भाग आपोआप सुरू न होऊ देण्याची सोय द्यावी. हा बदल होईपर्यंत ॲपवर चित्र कापले जाते, अशी स्पष्ट सूचना भाग सुरू होण्यापूर्वी दाखवावी, म्हणजे ज्यांना ही मालिका पहिल्यांदा पाहायची आहे ते टीव्ही किंवा संगणकाची वाट धरू शकतील. तो पहिला अनुभव पुन्हा मिळत नसतो, म्हणून ही सूचना मला विशेष निकडीची वाटते. वर्गणीचे पैसे परत मिळावेत असा माझा आग्रह नाही. तथापि पंधरा दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास, ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार ही सेवेतील त्रुटी मानून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर मी तक्रार नोंदवीन.

दोन्ही छायाचित्रे आणि मदत कक्षाशी झालेला पत्रव्यवहार या पत्रासोबत पुन्हा जोडत आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वर्गणीदार ग्राहक, पुणे