साताचे झाले चार

फोंडा, श्रावणातली पावसाळी रात्र

प्रिय सुहास,

तुझी नवी एअर रायफल डावीकडे मारते म्हणालास. साइटला, म्हणजे नेम धरायच्या साधनाला, हात लावण्याआधी माझी फजिती ऐक.

गेल्या महिन्यात माझ्या पाच गोळ्या टार्गेटवर वर-उजवीकडे पडल्या, सातच्या रिंगमध्ये, पण पाचही छिद्रं एकमेकांना चिकटून. चिकटलेली म्हणजे हात बरोबर, साइट चूक. विखुरली असती तर दोष माझा, मग साइटच्या नॉबचे क्लिक, म्हणजे एकेक टप्पा, फिरवून काही साधत नाही. एवढं मला कळत होतं. गोळी डावीकडे आणायची, म्हणून मागच्या साइटच्या जर्मन बनावटीच्या नॉबवर ‘एल’ होतं तिकडे मोजून क्लिक फिरवले, आणि खाली आणायला ‘टी’कडे (जर्मन ‘टीफ’, म्हणजे खाली). पुढच्या पाच गोळ्या थेट चारमध्ये, दहाच्या ठिपक्यापासून आणखी लांब! आधी दमट हवेला शिव्या घातल्या, मग छर्‍यांच्या डबीला. शेवटी आमचे प्रशिक्षक सर हसत म्हणाले, “अरे, ती अक्षरं औषध सांगत नाहीत, दुखणं सांगतात.” ‘एल’ म्हणजे गोळी डावीकडे लागत असेल तर इकडे फिरव. ‘एच’ म्हणजे ‘होख’, जर्मनमध्ये वर; गोळी वर लागत असेल तर तिकडे. मी दुखणं दुप्पट करून ठेवलं होतं.

तुझ्या साइटवरची अक्षरं किंवा बाण कुठल्या अर्थानं आहेत ते सांगता येत नाही. म्हणून पाच गोळ्या मार, चार क्लिक फिरव, परत पाच मार. ग्रुप, म्हणजे पाच छिद्रांचा पुंजका, कुठे सरकला ते वहीत लिही. एकेका गोळीमागे साइट पळवू नकोस, मी ते वर्षभर केलंय. नियम साधा आहे: गोळी जिकडे न्यायची तिकडे मागची साइट सरकते.

आणि गाल दरवेळी त्याच जागी टेक. रायफल जराशी कलली तरी ग्रुप हलतो, आणि दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचाच असतो रे.

बीजिंगला २००८ मध्ये फायनलच्या तोंडावर अभिनव बिंद्राची साइट सरकलेली निघाली होती. त्यानं ती सावरली आणि सुवर्ण घेतलं. मी असतो तर रडलोच असतो. तुमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या नेमबाज स्वप्नील कुसाळेला तर पन्नास मीटरवर वाराही सांभाळावा लागतो. आपल्याला दहा मीटरवर, छपराखाली, ते तरी नाही.

छर्रे शिशाचे असतात, चहाआधी हात धू. चवथीला येशील तेव्हा ती वही आण.

तुझा,
विनू