रात्री तीनच्या वेळेसाठी

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. नमस्कार.

गेल्या महिन्यात घरी आले होते तेव्हा रात्री तीनला पाणी प्यायला उठले, तर माजघरात दिवा. बाबा, तुम्ही पलंगाच्या कडेला बसून दंडाला पट्टा बांधून बीपी बघत होतात, लागोपाठ तिसऱ्यांदा. दर वेळी आकडा वाढलेला, आणि तो बघून तुमचा श्वास आणखीच भरभर. मी नुसती शेजारी बसून राहिले. तेव्हा बोलायला हवं होतं ते आज लिहिते.

एरवी आपण मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात. म्हणून सोडणं लांबवायचं: चार मोजत नाकाने घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. मिनिटाला सहा श्वास होतात. रोखून मात्र धरायचा नाही, बीपी असताना कुंभक नको. गरगरलं तर लगेच थांबायचं.

आई, तुला यात नवीन काही नाही. 2001 साली इटलीतल्या संशोधकांनी काही जणांना माळेवरची ख्रिस्ती प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे’ हा मंत्र म्हणायला लावून त्यांचे श्वास मोजले. दोन्हींत ते आपसूक मिनिटाला सहाच्या आसपास आले. तू संध्याकाळी माळ ओढतेस तेव्हा तुझे खांदे कसे सैल पडतात, ते मी लहानपणापासून बघते आहे. बाबांना शेजारी बसव.

श्वास लयीत आला की बाबा, डोळे मिटून घाटावर जायचं. आपला वाईचा, ढोल्या गणपतीसमोरचा. नुसतं चित्र नको. काळ्या दगडाच्या पायरीचा गारवा तळव्याला लागू दे, कृष्णेचं पाणी घोट्यापर्यंत येऊ दे, कपडे आपटल्याचा आवाज ऐका. चिंचेचं नाव काढलं तरी तोंडाला पाणी सुटतं ना? शरीर मनातल्या चित्राला असंच उत्तर देतं. रात्री तीनला तुम्हाला इस्पितळ दिसतं आणि छाती धडधडते, तेही त्यामुळेच. मग त्या जागी घाट आणा.

गोळी एकही चुकवायची नाही. छातीत दुखलं, दरदरून घाम फुटला तर श्वास मोजत बसायचं नाही, 108ला फोन करायचा आणि शेजारी हाक मारायची. एरवी मशीन रात्री आईच्या कपाटात राहू दे. बीपी सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मगच बघा.

रविवारी रात्री साडेनऊला फोन करते. स्पीकरवर ठेवा. पाच मिनिटं कुणीच बोलायचं नाही, तिघांनी मिळून नुसता श्वास घ्यायचा.

तुमची,
मनू