करवत खाली ठेवणाऱ्या दादांना

दादा, नमस्कार.

तुमचे आभार फोनवर मानून झाले होते, तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. झाडं छाटणाऱ्यांनी आणि छाटून घेणाऱ्यांनी ते वाचावं, एवढाच हेतू.

अंगणावर आलेली वाळकी फांदी उतरवायला आम्ही तुम्हाला बोलावलं होतं. दोर बांधून तुम्ही वर चढलात आणि लगेच म्हणालात, “ही आत्ता नाही काढत. तांबट पक्ष्याचं घर आहे.” तुम्ही बोट दाखवलंत तेव्हा कुठे आम्हाला दिसलं. फांदीच्या खालच्या अंगाला कंपासने आखावं तसं गोल भोक होतं. त्या दिवशीची मजुरीही तुम्ही घेतली नाहीत. वर तासभर थांबून आम्हाला सगळं समजावून सांगितलंत. तांबटाला ढोली करायला मेलेलं, मऊ पडलेलं लाकूडच लागतं. भोक खालच्या बाजूला असलं की पावसाचं पाणी आत शिरत नाही. आणि त्याने सोडलेली ढोली पुढे दयाळ, चिमणी अशा पक्ष्यांना मिळते, कारण त्यांना स्वतःला लाकूड पोखरता येत नाही.

पण माझ्या लेखी तुमचा सगळ्यात मोठा उपकार म्हणजे जाता जाता तुम्ही बोललेलं एक वाक्य. “घरटं शोधत फिरू नका, पक्ष्याच्या चोचीत काय आहे ते बघा.”

तेव्हापासून आम्ही खिडकीतूनच बघतो. चोचीत काडी किंवा कापूस असेल तर बांधकाम चालू आहे. अळी किंवा नाकतोडा धरून पक्षी न खाता इकडेतिकडे बघत बसला असेल, तर जवळपास पिल्लं आहेत आणि आपण जरा जास्तच जवळ आलो आहोत. दयाळाची जोडी घरट्यातून पांढरी पुडी उचलून लांब नेऊन टाकायची. ती पिल्लांची शी, पातळ आवरणात गुंडाळलेली, हे तुमच्याकडूनच कळलं. घरटं स्वच्छ राहतं, आणि शत्रूला मागही लागत नाही.

शिंपी पक्ष्याच्या मादीचं काम तर आम्ही श्वास रोखून पाहिलं. दोन रुंद पानं तिने कडेने टोचली, कोळ्याच्या जाळ्याचे आणि कापसाचे धागे त्या भोकांतून ओढले. बाहेर आलेलं टोक पिंजून फुगतं, त्यामुळे टाका मागे सरकत नाही. भोकं इतकी बारीक की पानं हिरवीच राहिली. आत मऊ अस्तर घालून घरटं पुरं झालं. फोटोसाठी समोरचं एक पान बाजूला करावं असा मोह घरातल्या सगळ्यांनाच झाला. तुम्ही बजावलं होतंत की कावळा आणि भारद्वाज माणसाच्या येण्याजाण्यावर नजर ठेवून असतात. पान जागच्या जागी राहिलं. फोटो नाही, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

मग एका सकाळी बुलबुलाचं पिल्लू जमिनीवर सापडलं. पिसं फुटलेली, शेपूट आखूड, उडता येत नव्हतं. खोक्यात ठेवून दूधभात भरवायचा सल्ला चारी बाजूंनी आला. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, “जवळच्या झुडपात ठेवा आणि आत जा. मांजर कोंडून ठेवा.” माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते, या समजुतीला तुम्ही तिथेच फाटा दिलात. थोड्याच वेळात आईबाप दोघंही झुडपात भरवताना दिसले. घरट्याबाहेर पडलेली पिल्लं उडायला शिकेपर्यंत अशीच राहतात. बहुतेक वेळा ती पोरकी नसतातच.

अळ्या पडलेल्या झुडपावर औषध मारू नका, हेही तुमचंच सांगणं. त्याचं मोल मला नंतर वाचताना कळलं. उत्तर अमेरिकेत कॅरोलायना चिकडी नावाचा चिमणीहूनही लहान पक्षी आहे. त्याच्या जोडीला एका विणीची पिल्लं उडती होईपर्यंत 6,000 ते 9,000 अळ्या लागतात! एरवी दाणे टिपणारे कितीतरी पक्षीसुद्धा पिल्लांना किडेच भरवतात. कुरतडलेली पानं आता आम्हाला खुपत नाहीत.

झाडांच्या डॉक्टरकीचे अभ्यासक्रम असतील, पण वर चढल्यावर आधी फांदीच्या पोटाखाली डोकवायचं, ही सवय तुम्ही स्वतः लावून घेतली आहे. तुमच्या हाताखाली शिकणाऱ्या मुलांनाही ती लागली असेल, याची मला खात्री आहे.

तांबटाची पिल्लं उडाली. फांदी मात्र आम्ही काढणार नाही, असं घरात ठरलं आहे. तिच्याखालची बसायची जागा आम्ही कुंपणाकडे हलवली, म्हणजे वाऱ्याने मोडलीच तरी कुणाच्या डोक्यावर पडायची नाही. विणीचा हंगाम संपला की एकदा येऊन जा. तिला आधाराचा दोर बांधावा का, आणि दुसऱ्या बाजूच्या ओल्या फांद्या किती उतरवायच्या, ते तुम्हीच बघून सांगा. या वेळी मजुरी घ्यावी लागेल, मागच्या दिवसाचीसुद्धा.

तुमची,
वाळक्या फांदीच्या घरातली ताई